आरशाला कोठार म्हणू नका

"काळजी नको रे, सगळं क्लाउडवर आहे."

हे वाक्य घरात, नात्यात, ऑफिसात मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली ते कानावर पडलं की माझ्या कपाळावर आठ्याच पडतात. मुंजीचे फोटो कुठायत? क्लाउडवर. आजोबांची स्कॅन केलेली डायरी? क्लाउडवर. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट? तेही तिकडेच. जणू काही वर आभाळात चित्रगुप्त बसलाय आणि आपल्या एकेका फायलीची नोंद वहीत करून ठेवतोय! मंडळी, वर कोणी बसलेलं नाही. खाली, जमिनीवर, कोणा एका कंपनीच्या इमारतीत संगणकांच्या रांगा आहेत आणि त्यांच्यावर आपल्या फायली त्या कंपनीच्या अटींवर राहतात. आता दुसऱ्याच्या जागेत भाड्याने राहायला माझी ना नाही. आपण सगळेच कधी ना कधी राहिलोय. माझा राग आहे तो 'सिंक' नावाच्या गोष्टीला 'साठवण' म्हणून आपल्या गळ्यात मारण्याच्या धंद्यावर.

आधी सिंक म्हणजे काय ते साध्या भाषेत बघू. दोन किंवा जास्त ठिकाणचे फोल्डर एकसारखे ठेवणं म्हणजे सिंक. बस्स, एवढंच. इथे फाइल आली की तिथेही येते, इथे बदलली की तिथेही बदलते, इथून गेली की तिथूनही जाते. म्हणजे हा झाला आरसा. आरसा प्रामाणिक असतो, तुम्ही टिकली लावलीत तर टिकली दाखवेल, पुसलीत तर पुसलेलं कपाळ दाखवेल. पण काल टिकली कुठल्या रंगाची होती हे त्याला विचारून काय उपयोग? कोठार निराळं. कोठारात मागच्या वर्षीचं धान्य या वर्षी घरात काही बरंवाईट झालं तरी शिल्लक असतं, त्यासाठीच तर ते बांधतात.

या कंपन्यांचे संगणक कच्चे आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्या घरच्या हार्डडिस्कपेक्षा ते शंभरपट पक्के आहेत. अ‍ॅमेझॉनने २००६ साली एस-थ्री नावाची साठवण सेवा सुरू केली, तिच्या टिकाऊपणाचा आकडा ते ९९.९९९९९९९९९ टक्के सांगतात, म्हणजे अकरा वेळा नऊ! मी त्यावर विश्वास ठेवायला तयार आहे. पण त्या अकरा नवांचा अर्थ इतकाच की जे त्यांच्या हातात पोचलं ते ते हरवणार नाहीत. पोचली तीच फाइल रिकामी असेल तर? मग ती रिकामी फाइलही ते अकरा नवांच्या हमीने जन्मभर सांभाळतील. वाटेत जे घडतं, म्हणजे तुमच्या फोनवरचं ते छोटंसं अ‍ॅप काय उचलतं, काय पाठवतं आणि काय पुसतं, त्याची हमी त्या आकड्यात नाही. आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आता घरचंच सांगतो. आमच्या कुलवृत्तांताचं काम गेली चार वर्षं चाललंय हे नातेवाईक वाचकांना माहीत आहे. जुनी पत्रं, फोटो, वंशावळीचे कागद, आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजातल्या आठवणी असं सगळं एका सामायिक फोल्डरमध्ये होतं. कंपनीचं नाव घेत नाही, पण जागा रीतसर पैसे मोजून घेतलेली होती, फुकटातली नव्हे. इंदूरची ताई, टोरांटोचा दादा, पुण्याची वहिनी आणि मी, असे चौघं त्यात काम करायचो.

२०२५ च्या मे महिन्यात ताई वाईला आत्याकडे गेली होती. आत्या पाटणला दिलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती तिथेच होती, कडेवर सहा महिन्यांचं मूल. ती हकिगत आम्ही लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, पण सलग कधीच नाही. ताईने ती तिच्याकडून सलग वदवून घेतली, दोन दुपारी बसून, फोनवर रेकॉर्ड करून. ताईने दोन्ही फायली सामायिक फोल्डरमध्ये टाकल्या. अ‍ॅपने हिरवी बरोबरची खूण दाखवली. त्याच अ‍ॅपमध्ये 'जागा वाचवा' नावाची एक सोय कंपनीने आधीपासूनच चालू ठेवलेली असते. फाइल वर पोचली की फोनवरची मूळ प्रत ते आपणहून काढून टाकतं. तशी ती काढली.

जूनमध्ये आत्याला अर्धांगाचा झटका आला. आत्या आहे, माणसं ओळखते, हात दाबते. बोलता मात्र येत नाही.

जुलैत मी ती हकिगत उतरवून काढायला बसलो. दोन्ही फायली नावानिशी जागच्या जागी होत्या. तारीख बरोबर. आकार शून्य बाइट. दारावर पाटी आहे, आत घरच नाही. चौघांच्याही यंत्रांवर तेच, कारण सिंक अगदी नेमाने झालं होतं ना! जुनी आवृत्ती मागवावी तर तीही शून्य, कारण पहिल्यापासून वर काही पोचलंच नव्हतं. फोनच्या कचरापेटीची मुदत केव्हाच संपलेली. मी माझ्या हार्डडिस्कवर दर पहिल्या तारखेला पूर्ण फोल्डरची प्रत काढतो, तिथेही ती दोन रिकामी टरफलंच इमानाने उतरली होती.

कंपनीला पत्र घातलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार आपल्या सर्व फायली यशस्वीरीत्या सिंक झाल्या आहेत. आणि खाली, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

ताई दोन दिवस जेवली नाही. "मीच नीट बघायला हवं होतं," हे एकच पालुपद. हा लेख मी मुख्यतः त्या वाक्याच्या विरोधात लिहितोय. ताई, तुझं काहीही चुकलेलं नाही. पोस्टमनने पाकीट नेलं, पोच दिली, आणि पोच दिल्यावर तुझ्या घरातली मूळ चिठ्ठीही स्वतःच जाळून टाकली. मग कळलं की पाकिटात त्याने काही घातलंच नव्हतं. इथे तू काय बघायला हवं होतंस? फाइल इथून निघताना किती मोठी होती आणि तिथे पोचल्यावर किती मोठी आहे, एवढं ताडून पाहणं यंत्राला क्षणाचं काम आहे. त्याहून पक्की तपासणीही असते, तिला चेकसम म्हणतात. फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून एक ठसा काढायचा आणि दोन्हीकडचे ठसे जुळतात का बघायचं. हे तंत्र काही कालपरवाचं नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ साली आणलेला आरसिंक हा फुकट मिळणारा प्रोग्राम फायली हलवताना हेच करतो. तीस वर्षं जे फुकटात होतंय ते पैसे घेऊन करता येत नाही?

कोणी म्हणेल, एखादी घटना, त्यावरून काय एवढं? बरं, जगजाहीर असलेल्या घेऊ. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या एका दोषाने काही लोकांच्या फायली थेट वरून पुसल्या गेल्या. आणि हे झालं ते 'सिलेक्टिव्ह सिंक' वापरताना, म्हणजे या संगणकावर अमुक फोल्डर नको, वर मात्र असू दे, असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत! नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या अ‍ॅपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत गडबड झाली आणि काहींच्या महिनोन्‌महिन्यांच्या फायली दिसेनाशा झाल्या. त्या परत मिळवायची सोय यायला डिसेंबर उजाडला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांची सामायिक साठवण, सुमारे ८५८ टेराबाइट, जळून गेली. तिची दुसरीकडे प्रत नव्हती. कारण काय दिलं, तर साठा फार मोठा होता! कर्मचाऱ्यांना कामाच्या फायली तिथेच ठेवा असं सांगितलेलं होतं. हे सरकारचं, तर आपल्या कुलवृत्तांताचं काय घेऊन बसलात?

आणि फायली राहिल्या तरी वचनं राहतात असं नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये वनड्राइव्हवर अमर्याद जागा देऊ केली, नोव्हेंबर २०१५ मध्ये ती मागे घेतली आणि वर फुकटातले १५ जीबीही ५ वर आणायचं जाहीर केलं. अ‍ॅमेझॉन ड्राइव्हची अमर्याद योजना २०१७ मध्ये बंद झाली आणि ३१ डिसेंबर २०२३ ला ती सेवाच बंद झाली. गूगल फोटोजवर फुकट अमर्याद ठेवता येत होतं, ते १ जून २०२१ पासून संपलं. उबंटू वन २०१४ मध्ये गेलं, वुआला २०१५ मध्ये, कॉपी २०१६ मध्ये. यात बेकायदेशीर काही नाही. दुकान आहे, परवडलं नाही की बंद होणार. पण दुकानाला वाड्याचा दिवाणखाना समजून आजीच्या पैठणीपासून सगळं तिथे नेऊन ठेवायला आपल्याला शिकवलं कोणी? जाहिरातींनीच ना?

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांच्या वाट्याला तर एक खास भेट येते. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकसंध, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण २०१७ पर्यंत मॅकवर जी फाइल सिस्टिम असे ती हे अक्षर फोडून साठवायची, विंडोज आणि लिनक्स मात्र जसं दिलं तसंच ठेवतात. परिणाम काय, तर 'वऱ्हाडातली पत्रं' असं नाव दिलेला फोल्डर दोनदा दिसू शकतो, अर्धी पत्रं एकात आणि अर्धी दुसऱ्यात. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट असते. इंग्रजीत ती अडीचशे अक्षरं झाली. देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम ८५. 'आजोबांनी काकांना बेळगावहून लिहिलेलं पत्र' एवढ्या नावातच निम्म्याच्या आसपास संपल्या! मग लांब नावाची फाइल एका यंत्रावर सुखाने राहते आणि दुसऱ्यावर उतरतच नाही. सांगायला कोणी येत नाही. कोपऱ्यात एक गोल चक्र फिरत राहतं, झालं.

आणि ते 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' प्रकरण! दोघांनी एकच फाइल एका वेळी बदलली की यंत्र हात झटकून दोन प्रती समोर ठेवतं, आता तुमचं तुम्ही बघा. खरं तर हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वागणं, कारण काही सेवा गुपचूप शेवटचा बदल ठेवून आधीचा गिळतात. आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. नकलांगणिक ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणून एकनाथमहाराजांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पण नाथांना ते करता आलं कारण ताडून पाहायला वेगवेगळ्या प्रती होत्या. सिंकच्या राज्यात प्रत एकच उरते, बाकी सगळ्या तिच्या सावल्या. मूळ बिघडलं की सावल्याही तशाच बिघडतात. मग ताडायचं कशाशी?

आता आक्षेप. दादाचा आक्षेप असा की घरची हार्डडिस्कही मरतेच की. मरते. शिवाय चोरी होते, पाणी शिरतं, नातवंडं पाडतात. म्हणूनच छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मला पटतो. तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. यात क्लाउडलाही जागा आहे, पण तिसऱ्या प्रतीची. पहिली, दुसरी आणि तिसरी अशी तिन्ही त्यालाच देऊन टाकायची नाहीत.

वहिनीचा आक्षेप जास्त खरा आहे. "हे सगळं तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना जमतं भाऊजी, आम्ही कुठे करत बसू?" वहिनी, तुमच्या घरात वर्षाचं लोणचं टिकतं ते बरणी आपोआप सिंक होते म्हणून नव्हे. तुम्ही ती कोरडी करता, वर तेल आहे का बघता, ओला चमचा घालणाऱ्याच्या हातावर फटका देता. महिन्यातून एकदा अर्धा तास, एवढंच मी मागतोय. पण तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट आहे जी मला मान्य करावीच लागते. माणसाला हे करावं लागू नये म्हणूनच त्याने पैसे मोजले होते. कंपनीने ते काम केलं नाही याचा राग मी गिळणार नाही. आणि अर्धा तास काढायला सांगतोय म्हणजे कंपनीची जबाबदारी आपल्या डोक्यावर घ्या असंही नाही.

मग आम्ही काय केलं? त्या कंपनीचं खातं बंद केलं. यंत्रांमधल्या सिंकसाठी सिंकथिंग घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, फायली आपल्याच एका यंत्रावरून आपल्याच दुसऱ्या यंत्रावर जातात, मध्ये कोणाच्या गोदामात साठत नाहीत. त्याच्याही तक्रारी सांगतो, नाहीतर मीही जाहिरातवालाच ठरेन. दोन्ही यंत्रं एका वेळी चालू नसतील तर ते काहीच करत नाही, त्यामुळे पुण्यात एक जुना लॅपटॉप सतत चालू ठेवावा लागलाय. अँड्रॉइडवरचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता स्वयंसेवकांनी चालवलेली दुसरी शाखा वापरावी लागते. आणि मुख्य म्हणजे हाही आरसाच. इथे पुसलं की तिथेही पुसतो. त्यातली जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय आपण हाताने चालू करायची.

नातेवाइकांना फोटो बघता यावेत म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड टाकलंय. २०१६ मध्ये ओनक्लाउडपासून फुटून निघालेला हा प्रकल्प. त्याला अपडेट लागतात, देखरेख लागते, कधी रविवार सकाळ जाते. ज्याला ते नको त्याने सरळ पैसे देऊन सेवा घ्यावी, फक्त घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. एक, सगळ्या फायली साध्या फोल्डरांत, आहेत त्या नावांनी, एका दमात परत उतरवता येतात का? दोन, पुसलेली फाइल आणि जुनी आवृत्ती किती दिवस मिळते? तीस दिवसांची मुदत असेल तर ती कमी आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तीन, यंत्रावर दिसणारी फाइल खरंच यंत्रावर असते की नुसती तिची पाटी? चार, इथली प्रत पुसण्याआधी ते आपल्याला विचारतात का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकीची तीन बघूही नका.

आणि खरं कोठार म्हणजे दोन हार्डडिस्क. एक माझ्याकडे, एक नाशिकला मेहुण्यांकडे, पाडव्याला आणि दिवाळीला अदलाबदल. त्यांच्यावर रेस्टिक नावाच्या प्रोग्रामने प्रती काढतो. तो प्रत्येक वेळची स्थिती वेगळी जपतो, म्हणजे मार्चमधला फोल्डर मार्चसारखाच परत मिळतो, आणि सगळं कुलूपबंद करून ठेवतो. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट वहिनीच्या कपाटात. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत होते, ती उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते कित्येक शतकं वाचता आले नाहीत. त्यांच्या पंथात निदान किल्ली जाणणारे होते. आपल्या पासवर्डचं तसं नाही, माझ्यामागे तो कोणाला सापडणार?

हे सगळं केलं तरी त्या दोन दुपारी परत येणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून माझी मागणी कंपन्यांकडे आहे, आणि ती फार मोठी नाही. दोन्हीकडचा ठसा जुळल्याशिवाय हिरवी खूण दाखवू नका. आमच्या यंत्रावरची फाइल आम्हाला विचारल्याशिवाय पुसू नका. आणि 'सिंक झालं' याला 'सुरक्षित आहे' म्हणू नका, कारण ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं तुमच्या इंजिनिअरांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

असो. घरच्यांसाठी एक काम सांगून थांबतो. आज रात्री जेवणं झाली की तुमच्या त्या क्लाउडमधली एक जुनी फाइल काढा. नाव आणि हिरवी खूण बघून समाधान मानू नका. ती उघडा, फोटो असेल तर मोठा करून बघा, आवाज असेल तर शेवटपर्यंत ऐका. लागली तर उत्तम, लगेच तिची एक प्रत हार्डडिस्कवर घ्या. नाही लागली तर मला फोन करा, कितीही वाजले असले तरी. आणि कृपा करून "मीच नीट बघायला हवं होतं" असं म्हणू नका.